वाळूतलं पाऊल

एकाहत्तर साली बेलापुरात आप्पासाहेबांच्या काचेच्या टाकीतल्या माशांचं कौतुक घरोघरी होतं. टाकीतली प्रवरेची वाळू त्यांची बायको मनकर्णा धुवायची, पार पाणी निवळेस्तोवर. वाळूखालच्या जाळीतून पाणी खाली ओढलं जाई, गाळ वाळूत अडके आणि निवळलेलं पाणी नळीतून बुडबुडत वर येई.

"वाळू कीर्तनावानी हाय," ती म्हणायची. "गाळ धरून ठेवती."

ती गेली. दहाव्याच्या रात्री रीतीप्रमाणे दिव्यापुढं पीठ पसरून वर टोपली झाकली. गेलेल्याचा पुढचा जन्म पिठावर उमटतो म्हणतात. सकाळी आप्पासाहेबांच्या बहिणीनं, बनुबाईनं टोपली उचलली.

"दादा, काय बी उमटलं न्हाई. वैनी अजून सुटली न्हाई."

ती सुटावी, एवढंच तर आप्पासाहेब देवापाशी मागत होते. ते टाकीपाशी गेले.

वाळूत एक पाऊल रुतलं होतं. बायकी, बोटावर जोडव्याची खाच असलेलं. मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटले होते.

विठ्ठलाचं नाव घेत त्यांनी वाळू हातानं सारखी केली. हात बाहेर काढतात तोवर पाऊल पुन्हा उमटलं. आता बोटं काचेकडं होती, त्यांच्याकडं.

नळीतले बुडबुडे थांबले.

"दादा," मागून बनुबाई हळूच म्हणाली, "पिठात आत्ता पाऊल उमटलंय. ओलं हाय. अन् त्याला वाळू लागलीय."