शाळेतली मॅडम

"शाळेत मी मम्मी नाही, मॅडम," हे भाग्यश्रीनं आपल्या ऐश्वर्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मिशनच्या त्या इंटरनॅशनल शाळेत मुलांच्या सुरक्षेचं काम तिच्याकडे होतं. सकाळची प्रार्थना झाली की ती मुलांना शिकवायची, "कुणाचा स्पर्श नकोसा वाटला, तर लांब व्हायचं आणि मोठ्यांना सांगायचं."

आज तास संपल्यावर ऐश्वर्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, सांगूनपण मोठ्यांनी ऐकलं न्हाई तर?"

"कुणी ऐकलं नाही? नाव सांग, आत्ताच बोलते त्यांच्याशी."

"मम्मीनं. जयसिंगपूरचा मामा मांडीवरनं उठू देईना म्हणून सांगितलं, तर म्हणाली, मामाच हाय की आपला, बस गप."

भाग्यश्रीची मान खाली गेली.

 

"पण मॅडम, तुम्ही मम्मीला रागावू नका."