भुवईचा केस

मृताशी रक्ताचं नातं पटल्याशिवाय विद्युतदाहिनीचं दार आता उघडत नसे. विद्याधरने बोट टोचून थेंब दिला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'नातं जुळत नाही.'

"अहो, सख्खी आई आहे माझी!" तो ओरडलाच.

मग त्याला आठवलं. रक्ताच्या कर्करोगात त्याला कुणा अनोळखी दात्याची अस्थिमज्जा मिळाली होती. तेव्हापासून त्याच्या अंगात त्या दात्याचं रक्त तयार होत होतं. तो दाता मिळावा म्हणून आईनेच किती दारं ठोठावली होती!

"मग केस द्या, मुळासकट," दाहिनीवरचा कर्मचारी म्हणाला. "केस तुमचेच असणार."

विद्याधरचा हात डोक्याकडे गेला. अग्नी देण्याआधी क्षौर करायची त्यांच्या घरची रीत. मघाशीच न्हाव्याने डोकं, मिशी सगळं उतरवलं होतं.

त्याने भुवईचा केस उपटून दिला. दार उघडलं आणि आई आत गेली.

तो बाहेर पायरीवर बसला होता, तेवढ्यात फोन वाजला. रक्त ज्यांच्याशी जुळेल त्यांना यंत्र आपोआप कळवत असे, थेंब देणाऱ्याच्या फोन नंबरासकट.

"माझ्या मुलाचं रक्त तिथं सापडलं म्हणून निरोप आलाय," एका म्हाताऱ्या बाईंचा कापरा आवाज आला. "आमचा मनोहर तर जाऊन चार वर्षं झाली. तुम्ही कोण?"

विद्याधरने सगळं सांगितलं. आज तो कुठे बसलाय, तेही सांगितलं.



मग बाईंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का रे?"