चकतीला पाडलेलं भोक

भालचंद्ररावांनी आवाज साठवायच्या चुंबकी चकतीला मधोमध भोक पाडलं, दोरी ओवली आणि ती खिळ्याला टांगली. ते पाहून शकूताई मटकन खाली बसल्या. त्यांच्या आईचा उरलेला एकमेव आवाज त्या चकतीत होता. तोही कसला, तर दुपारी दारावर आलेल्या बोहारणीशी जुन्या लुगड्यावरून घातलेली हुज्जत. मूळची कॅसेट बुरशीने गेली, सीडी चरे पडून गेली आणि ही चकती तेवढी राहिली.

"अगं, सारखी हरवत होती, म्हणून टांगली," भालचंद्रराव पुटपुटले.

"आता आईच हरवली."

चुंबकांवर संशोधन करणारी भाची मृण्मयी मात्र हसत होती. "मावशी, आत इवले इवले चुंबक त्रिकोणात बसलेत. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय. तीन जावांसारखं, दोघींचं जमलं की तिसरी अडते. म्हणून कुणीच स्थिर होत नाही, सगळे एकमेकांत गुंततात. आवाज त्या अख्ख्या गुंत्यात असतो, एका जागी नसतोच."

तिने चकती यंत्रावर ठेवली.

"एवढ्या लुगड्याला नुसती वाटी? पातेलं काढ, बाई," आई कडाडली. बोहारीण कुरकुरली, पण पातेलं निघालंच. शकूताईंचे डोळे भरून आले.

"आणि भोकाभोवती गुंत्याला नवा वेढा मिळाला," मृण्मयी म्हणाली. "म्हणजे आणखी एका आवाजाला जागा झाली."

शकूताईंनी पदराने डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि त्या नवऱ्याकडे वळल्या.

"लाव गं यंत्र. मला यांच्याशी जरा बोलायचंय."