आपल्यासारखीच हवा

थोरल्यानं आईच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून सोडवलं, दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं आणि रंधा मारायला सुरुवात केली. दमट हवेनं दार फुगलं होतं. दीड महिना आई ते खांद्यानं ढकलून उघडत होती. लोकांची दारं बसवण्यात याचा जन्म चालला होता, घरच्या दाराला मात्र मुहूर्त लागत नव्हता. आज रविवार होता, बायको ड्यूटीवर गेली होती आणि आज त्याला आईची सही हवी होती.

अर्ज टेबलावर पेल्याखाली दाबून ठेवला होता. आई इथं, या परक्या देशात थोरल्याकडे कायमची राहणार, असा अर्ज. गावचं घर रस्ता रुंदीकरणात गेलं, त्यामुळे तिला आता दोनच ठिकाणं उरली होती. एक इथलं, नाहीतर धाकट्याकडे, त्या बर्फाच्या शहरात. यात विचार करण्यासारखं काय आहे, हेच थोरल्याला कळत नव्हतं.

"हवाच बघ ना," तो रंधा थांबवून म्हणाला. कपाळावरचा घाम दारावर टपकला, तो त्यानं तळहातानं पुसून टाकला. "अगदी आपल्यासारखी. तशाच मुंग्या, मिठाला तसंच पाणी सुटतं, भिंतीला बुरशीसुद्धा तशीच. खालचा न्हावी कुठला, समोरची नर्स कुठली, एकेकाचा देश वेगळा. पण कुणालाही विचार, म्हणतील, आमच्याकडे असंच असतं."

"असतं खरं," आई म्हणाली. खिडकीतल्या दोरीवर परवाचे कपडे अजून ओलेच होते. ती एकेक चाचपून उलटा टाकत होती.

"मी विमानातून उतरलो ना, पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. म्हटलं, चला, घरी आलो! करमलं नाही असा एक दिवस गेला नाही माझा. आणि आमचा धाकटा! महिनाभर फोनवर नुसता रडगाणं गात होता. ओठ फुटले, नाकातून रक्त आलं, बोटं बधिर झाली..."

"हो ना. म्हणून दर वर्षी यायचा," आई म्हणाली.

रंधा पुन्हा सुरू झाला.

"आला की भर दुपारी अंगणात उघडाबंब बसायचा. हे म्हणायचे, अरे, आत पंख्याखाली ये. तर म्हणायचा, बाबा, असू दे, वर्षभराचा घाम आत्ताच काढून घेतो. मग हेही तिथंच खुर्ची ओढून बसायचे. दोघं घामाघूम, आणि गप्पा संपायच्या नाहीत." आई स्वतःशीच हसली. "तुम्ही दोघं एकाच साली गेलात. बारा वर्षांत त्यानं एक खेप चुकवली नाही."

थोरल्याकडे कारणं होती. कामं, सुट्ट्या, बायकोची ड्यूटी. सगळी पाठ होती आणि एकही खोटं नव्हतं. पण खरं त्याला ठाऊक होतं. त्याला घराची ओढच लागली नव्हती. इथल्या हवेनं ती लागू दिली नव्हती. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं करता करता बाबा गेले. शेवटचे पंधरा दिवस धाकटा त्यांच्या उशाशी बसून होता. हा इथं एका हॉटेलची चाळीस दारं पुरी करत होता. ती चाळीस दारं आठवली की त्याला अजून लाज वाटायची.

"आई, तू रागावलीस का माझ्यावर?"

"रागवायचं काय त्यात? मुलगा सुखात आहे म्हणून कुणी रागावतं का? हे तर कौतुकानं सांगायचे सगळ्यांना, थोरल्याला तिथलं पाणी चांगलं मानवलं." तिनं हातातला कपडा दोरीवर टाकला. "मलाही मानवलंय रे. त्याचीच भीती वाटते."

"भीती कसली?"

"मंगळवारी यांना जाऊन वर्ष झालं."

रंधा थांबला. मंगळवारी आपण काय केलं, ते थोरला आठवू लागला. काहीच विशेष केलं नव्हतं. संध्याकाळी सगळे गच्चीवर बसले होते, कसल्याशा गोष्टीवर पोट धरून हसले होते.

"तुझं सोड, तू कामात असतोस," आई म्हणाली. "मलाही आठवलं नाही. चाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. धाकट्याचा फोन आला, तेव्हा कळलं मला. तिकडून तो रडत होता आणि इकडे मी त्याला विचारतेय, काय झालं रे बाबा?"

थोरल्यानं उगाच रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"तो अर्ज ठेवून दे," आई म्हणाली. "मी धाकट्याकडे जाते."

"अगं, तिथं बर्फ पडतो! सहा सहा महिने! तुझे गुडघे बघितलेस का? एक दिवस निघायचा नाही तुझा."

"दुखू देत. दुखले की लक्षात तरी राहील, आपण घरी नाही."

सोमवारी काम टाकून थोरला बाजारात हिंडला. पाचव्या दुकानातली बाईही कुठून तरी लांबूनच येऊन इथं रुळलेली होती. ती पंख्याखालून उठली, त्याचं मागणं दोनदा ऐकलं आणि हसायला लागली.

"स्वेटर? इथं थंडी वाजते कुणाला, दादा?"

"मला वाजायला हवी होती," तो म्हणाला, आणि पुढच्या दुकानाकडे निघाला.