नकाशात नसलेली गल्ली

“नकाशात तुमची गल्ली नाही. म्हणजे त्या काळी ती नव्हतीच.” दफ्तरखान्यातल्या साहेबांनी भिंग खाली ठेवलं. “जुन्या गल्ल्यांच्या यादीत तिचं नाव घालता येणार नाही. नवा रस्ता तिथूनच जाईल.”

टेबलावर दीडशे वर्षांपूर्वीचा, हातानं काढलेला शहराचा नकाशा पसरला होता. विहिरी, झाडं, घोड्यांचं पाणी प्यायचं टाकंसुद्धा जागच्या जागी. गल्लीपुरता मात्र कोरा कागद.

सासूबाईंबरोबर आलेल्या सुनेच्या कडेवरचं बाळ नकाशावर झेपावत होतं. तिनं त्याची चिमुकली मूठ आपल्या मुठीत धरून ठेवली. पोराचं पहिलं पाऊल त्याच गल्लीत पडायचं होतं. आत्ताशी कुठे ते धरून उभं राहायला लागलं होतं.

“घोड्याचं टाकं दिसलं आणि बावीस घरं दिसली नाहीत?” सासूबाई कडाडल्या.

“नकाशा काढणारा फार बारकाईनं काम करणारा माणूस होता, आजी.”

“मला सांगताय? आमच्याच घरचे जावई होते ते! सासरे चारचौघांत म्हणाले, जावईबापूंची रेघ वाकडी. झालं! जे फुरंगटले ते मरेपर्यंत गल्लीत फिरकले नाहीत.”

“रुसवा हा पुरावा होत नाही,” साहेब शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले.

सून मात्र कोऱ्या जागेकडेच बघत होती. आजूबाजूचा कागद गुळगुळीत, आणि तिथं तेवढी बारीक लव आलेली.

“साहेब, हे खरवडलंय.”

“छे! कागद जुना आहे, बाई.”

“जरा उजेडाला धरा ना.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. दोन्ही हातांनी नकाशा अलगद उचलून खिडकीशी धरला.

पातळ झालेल्या कागदातून गल्ली उजळली. दोन्ही अंगांची घरं, ओटे, कोपऱ्यावरचं वळण, सगळं सोनेरी. पातं फिरलं होतं तिथं तिथं ऊन झिरपत होतं.

साहेबांचे ओठ हलत होते. ते घरं मोजत होते.

“बावीस,” ते म्हणाले. मग एका घराशी अडखळले. तिथं टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. “हे आम्ही आजवर कागद खाणाऱ्या कसरीचं काम समजत होतो.”

सासूबाईंनी मान ताठ केली.

“ते आमचं घर.”

भोकातून आलेला उन्हाचा ठिपका साहेबांच्या शर्टावर पडला होता, आणि बाळ मूठ सोडवून घेऊन तो पकडायला बघत होतं.