शेवटच्या सरीवरची हाक

मशीन पुन्हा बोंबललं आणि हौसेराव स्टुलावरून ताडकन उठले.

"काका, हात लावायचा नाही हां. फ्लो पडलाय परत," मोनालीने बजावलं. नेरूळच्या त्या हॉस्पिटलात मशीन सांभाळणारी ही पोरगी आवाजाने गोड, पण कामाला कडक.

फ्लो म्हणजे काय, ते एव्हाना हौसेरावांनाही कळलं होतं. बायकोच्या, सगुणाबाईंच्या, मानेतल्या नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं. मशीन त्यातलं पिवळं पाणी काढून पिशवीत टाकायचं आणि लाल रक्त नव्या प्लाझ्मासोबत माघारी धाडायचं. त्या पिवळ्या पाण्यातच दुखणं होतं म्हणे. त्याच दुखण्याने बाईंच्या पापण्या जड झाल्या होत्या आणि आवाज पार गेला होता. एरवी कोपरखैरण्याच्या अख्ख्या सेक्टरला ऐकू जाणारी बाई, महिनाभर नुसत्या खुणा करत होती. आज चौथी खेप, आवाजाचा अजून पत्ता नाही. त्यात धार मंदावून नळीत रक्त गोठलं, तर आजचं सगळं थांबवून मानेत नवी नळी घालायची.

"कुटं काय अडाकलंय काय? नळीला जरा झटका देतो," म्हणेपर्यंत हौसेरावांचा हात पुढे गेलाच. शेतातला पाट तुंबला की वाकून पाचट काढायचं, ही त्या हाताची सवय. गाव सोडून तुर्भ्याच्या मार्केटात वर्षानुवर्षं पोती वाहिली, तरी ती सुटली नव्हती.

"काका!"

हात मागे आला.

"मशीन ठीक आहे. मावशी मान वळवतायत, म्हणून नळी दुमडतेय," मोनाली म्हणाली. "आणि मान का वळवतायत? तुमी आकडा बघत मशीनजवळ बसलाय, त्यांना दिसत नाय. जा, पायाशी उभे राहा."

हौसेराव ओशाळून पायाशी जाऊन उभे राहिले. बाईंची मान सरळ झाली. मशीन गप्प बसलं.

इथून मात्र त्यांना मशीनची नुसती पाठ दिसत होती. धार चालू आहे की नाही, कळायला मार्ग नाही. अगदी असंच असायचं साताऱ्याकडच्या उसात. हे पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन उभे, सगुणाबाई सरीच्या पार शेवटाला, आणि मध्ये डोक्यावर गेलेला ऊस. पाणी पोचलं का, ते ओरडून विचारायचं. मग उसातून तिची खणखणीत हाक यायची, हाकेमागून हुकूम. कधी कधी पाणी पोचलंय हे ठाऊक असूनही ते विचारायचे, नुसती ती हाक ऐकायला. किती सुखाचे दिवस होते ते!

"सगुणा," ते हळूच म्हणाले, "आलं का गं पानी?"

मोनालीने चमकून वर पाहिलं. बाईंचे ओठ हलले. पहिल्यांदा काहीच उमटलं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"आलंय," आवाज फाटका होता, नाकातून येत होता, पण आवाज होता. बाईंनी दम घेतला. "हुबं काय ऱ्हायलाय? फुडची सरी धरा."