गोफणीचा खडा

“घराण्यात कुणाला जन्मापासून डोळ्याचा दोष आहे का?” सोनोग्राफी करता करता डॉक्टरबाईंनी विचारलं.

“कुणालाच न्हाय,” नीलम्मा ताडकन म्हणाल्या. त्यांनी डाव्या डोळ्यावरचा पदर पुढं ओढला आणि दाराशी उभ्या लेकाकडं, रुद्रेशकडं, बघितलं. त्या डोळ्याला लहानपणी गोफणीचा खडा लागला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण ती नजर टेबलावर आडव्या पडलेल्या सुनेला, महेश्वरीला, खटकली.

पाचवा महिना. बाळाच्या एका डोळ्यातलं भिंग पांढरट दिसतंय, मोतीबिंदू असावा, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टरबाई सांगत होत्या. महेश्वरीचा एका अक्षरावर विश्वास बसेना. डोळा तो केवढासा, आणि त्यात म्हणे मोतीबिंदू! गल्लीतल्या शांतलिंगच्या सुनेला असंच ‘बाळाच्या काळजाला भोक’ सांगून पोट पाडायला पल्याड कर्नाटकात नेलं होतं. भोक कुणी पाहिलं नाही. पोटात पोरगी होती, ते मात्र नळदुर्गभर झालं. आणि महेश्वरीची पहिली मुलगीच होती.

ती बाहेर आली तेव्हा बाकावर मायलेक कानडीत कुजबुजत होते. महेश्वरी परंड्याची, तिचं कानडी स्वयंपाकघरापुरतं. ‘कण्णु’ म्हणजे डोळा, एवढाच शब्द तिच्या हाती लागला. ती दिसताच दोघं गप्प झाले.

“मराठीत बोला की,” ती सासूसमोर जाऊन उभी राहिली. “पोरगी हाय म्हणून डोळ्याचं निमित्त काढलंय ना? आत्याबाई, म्या कुठं बी येणार न्हाय. लेकरू आंधळं निघालं तरी माझं हाय.”

“अगं, हळू बोल,” रुद्रेश इकडंतिकडं बघत म्हणाला.

नीलम्मांनी त्याला हातानंच थांबवलं. मग डोक्यावरचा पदर सावकाश मागं सारला. लग्नानंतरच्या तीन वर्षांत महेश्वरीनं तो डोळा असा उजेडात कधी बघितला नव्हता. बाहुली पांढरी होती. पण आजूबाजूला कुठं साधा ओरखडाही नव्हता.

“खडा लागलाच न्हवता,” नीलम्मा म्हणाल्या. “जल्मापासनंच हाय. लगीन जमावं म्हणून आईनं खड्याचं सांगितलं, अन् आजवर म्या बी तेच सांगत आले. ह्याला आत्ता पहिल्यांदा खरं सांगितलं.”

शरमेनं महेश्वरीचा चेहरा तापला.

“चल आत. डॉक्टरीणबाईला सांगू या.” गुडघ्यावर हात टेकून नीलम्मा उठल्या आणि दाराशी जरा थबकल्या.

“माझ्या आईच्या येळंला असली मशीन न्हवती, पोरी,” त्या म्हणाल्या. “म्हणून म्या हाय.”